रायफलीचा ठसा आणि पोतंभर गंधक

दिवाळीनंतरचा पहिला सोमवार. ठरलेली रक्कम अडीच हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, जामनेरकडच्या एका गावातल्या अक्का आणि त्यांचा मुलगा दिगंबर. काउंटरवर एक जुनी रायफल, बोल्ट उघडा, आणि शेजारी वापरलेल्या काडतुसांच्या तीन रिकाम्या पितळी टोप्या.

तिन्ही टोप्यांच्या मानेला उभी चीर होती.

मी भिंग लावून पाहत होतो. अक्का माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. त्यांच्या उजव्या डोळ्याखाली काळे बारीक ठिपके होते, मशेरी उडाल्यासारखे. मी विचारलं, हे काय?

"बार काढला तवा मागून फस्सकन आलं," अक्का म्हणाल्या. "धुतलं तं जात नाही."

बार त्या काढत होत्या, दिगंबर नाही. दिगंबर जळगावात गाड्यांच्या शोरूममध्ये कामाला. मळ्यात राहतात अक्का आणि एक सालदार गडी. केळीत डुकरं शिरली की अक्का हवेत बार काढतात. रायफल नानांची, म्हणजे त्यांच्या यजमानांची. नाना वारल्यावर पीक संरक्षणाचा परवाना अक्कांच्या नावावर होत होता. त्या फाइलीत माझ्यासारख्या परवानाधारक दुरुस्तीकाराचा दाखला जोडायचा होता, की हत्यार सुरक्षित आहे. मुदत महिनाअखेर.

मी धुळ्यात बंदूक दुरुस्तीचं दुकान चालवतो. वडिलांचं होतं, आता माझं. बाहेरून हे काम रुबाबाचं वाटतं. प्रत्यक्षात ते मोजमापाचं काम आहे. दिवसातला निम्मा वेळ मायक्रोमीटर हातात असतो.

टोपीची मान, म्हणजे गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग, का फाटते, हे आधी सांगतो. रायफलीच्या नळीच्या मागच्या टोकाला एक खोली असते, तिला चेंबर म्हणतात. काडतूस तिथं बसतं. बार उडाला की आतल्या वायूचा दाब प्रचंड वाढतो. पितळी टोपी फुगते आणि चेंबरच्या भिंतीला टेकते. भिंतीनं आधार दिला की टोपी शाबूत राहते. खोली गरजेपेक्षा मोठी असेल तर टोपी आधार शोधत फुगत जाते आणि फाटते. मग गरम वायू मागे येतो. मागे काय असतं? चालवणाऱ्याचा डोळा.

मी माझ्याकडचं नकली काडतूस चेंबरमध्ये घातलं. यात दारू नसते, फक्त माप असतं. ते जरा सैल बसलं. परवान्यावर मापं लिहिली होती, पण नळीवरचा शिक्का गायब होता. नानांनी कधीतरी रायफल घासून घेऊन नवा काळा रंग चढवला होता. त्याच वेळी कुणी मिस्त्रीनं चेंबर कोरून मोठं केलं असेल का? मला तोच संशय आला.

"काका, एक बार काढून बघायचा ना," दिगंबर म्हणाला. "तुमच्यासमोर."

"कुणाच्या डोळ्यापाशी?"

त्यानं एक फाटकी टोपी उचलून पाहिली आणि परत ठेवली.

अक्का म्हणाल्या, "मले इतकंच सांगा भाऊ. ही चालवली तं माहा डोया जाईन का राहीन? जाणार असन तं मी डबा वाजवून डुकरं हाकीन."

प्रश्न सरळ होता. उत्तरासाठी चेंबरचं आतलं माप हवं होतं, आणि तिथं मायक्रोमीटर जात नाही. चेंबर निमुळतं असतं, त्यात खांदा असतो, मान असते. म्हणून आत काहीतरी वितळवून ओतायचं, थिजू द्यायचं, बाहेर काढायचं आणि त्या ठशाचं माप घ्यायचं. खोली मोजता येत नाही, म्हणून खोलीची पोकळी मोजायची.

ओतायचं काय, इथंच सगळी मेख आहे. मेण थंड होताना आकसतं, शिवाय मायक्रोमीटरच्या चिमट्यात दबतं. दातांचे डॉक्टर वापरतात ते रबर सुरेख निघतं, पण तेही दबतं. शिशाचं नाव काढायचं नाही, ते इतकं तापवावं लागतं की नळीचीच काळजी. वडील शुद्ध गंधक वापरायचे. गंधक बेतानं तापवलं तर पाण्यासारखं पातळ होतं, जास्त तापवलं तर काकवीसारखं घट्ट. ठसा छान येतो, पण ठिसूळ. आणि नंतर नळी लगेच साफ केली नाही तर गंज धरतो. खास ठशासाठी बनवलेला मिश्रधातूही मिळतो. तो परदेशातून मागवायचा, यायला महिना-दीड महिना. फाइलीला तेवढा वेळ नव्हता.

"गंधकानं करू," मी म्हणालो. "माझ्याकडचं संपलंय. मागवतो. आठवडाभर रायफल इथं ठेवा."

अक्का रायफल ठेवायला तयार होईनात. नानांची वस्तू परक्या छपराखाली ठेवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून चेंबर बंद करणारा दांडा, काढून माझ्या तिजोरीत ठेवला आणि पावती दिली. बोल्ट नसेल तर रायफल म्हणजे लोखंडी नळी. बार निघत नाही. त्या रात्री मला झोप बरी लागली.

गुरुवारी दुपारी दिगंबरचा फोन आला. आवाज उत्साही होता आणि त्याखाली काहीतरी लपवलेलं होतं.

"काका, ठसा घेतला."

"कसला ठसा?"

"गंधकाचा. तुम्ही म्हणाला ना, गंधक संपलंय. आपल्या घरी पोतंभर पडलंय. म्हटलं काकांना कशाला त्रास. मोबाइलवर व्हिडिओ पाहिला, तसंच केलं."

"कुठलं गंधक?"

"केळीला टाकतो ते. दाणेदार."

मी खुर्चीवर बसलो. आमच्या भागात गंधक म्हटलं की शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर कृषी केंद्रातलं पोतं येतं. माझ्या डोळ्यांसमोर रसायनांच्या दुकानातला पिवळा खडा येतो. शब्द एकच. पोत्यातल्या गंधकात माती मिसळलेली असते, ओल लागली की फुगणारी. दाणा जमिनीत फुटावा म्हणून मुद्दाम घालतात. केळीला ते चांगलं. चेंबरला?

"निघाला का ठसा?"

"तेच विचारायला फोन केलाय," दिगंबर म्हणाला.

संध्याकाळी मायलेक रायफल घेऊन आले. चेंबर काठोकाठ भरलं होतं, करड्या-पिवळ्या, खरबरीत गोळ्यानं. नुसतं काठोकाठ नव्हे. चेंबरच्या मागे बोल्टचे कान अडकायला खाचा असतात, त्यांतही ते उतरलं होतं आणि तिथं आकड्यासारखं थिजलं होतं. खाचा भरल्यावर ठसा बाहेर येणार कसा? दार लावून कडी आतून घालावी तसं झालं होतं. व्हिडिओत हे सांगितलं नव्हतं म्हणे.

"काढायचा प्रयत्न केला?"

"पुढून सळई घालून ठोकलं थोडं."

"सळई कशाची?"

दिगंबरनं आईकडे पाहिलं.

"लोखंडाची," अक्का म्हणाल्या. "मी तोंड फाडून वरडत होती, ठोकू नको. शिकलेलं पोरगं, आइकतं का?"

लोखंडी सळई नळीच्या आतल्या आट्यांना, म्हणजे गोळीला पीळ देणाऱ्या खाचांना, ओरखडे पाडते. नळीत आता काय झालं असेल, ते गोळा निघाल्याशिवाय दिसणार नव्हतं. नानांची रायफल या काउंटरवर मरून पडलेली असण्याची बरीच शक्यता होती, आणि हे त्या दोघांना सांगायचं कसं, ते मला सुचत नव्हतं. मी गरम हवेची गन काढली.

चेंबर बाहेरून हळूहळू तापवायचं, आतलं गंधक मऊ झालं की लाकडी काडीनं कोरायचं, पुन्हा तापवायचं. घाई केली तर गंधक पेटतं. दुकानात असा वास सुटला की शेजारचा झेरॉक्सवाला येऊन विचारून गेला, कुणाचं पोट बिघडलंय का. दिगंबर हसला. अक्कांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं, आणि तो पंखा लावायला उठला.

गोळा तुकड्यातुकड्यानं निघाला. मातीमुळे प्रत्येक तुकडा वाळूसारखा भुरभुरत होता, त्याचं माप घेण्यात अर्थ नव्हता. ब्रशनं आणि रॉकेलनं चेंबर धुतलं, तेल लावलं, मग उजेडासमोर धरून नळीतून पाहिलं. पुढच्या टोकाशी एक ओरखडा होता, उथळ. बाकी आटे साफ. मी श्वास सोडला.

आता रायफल दुकानातच राहणार होती. या वेळी अक्कांनी हरकत घेतली नाही. जाताना एवढंच म्हणाल्या, "भाऊ, गंधकाचं नाव काढू नका आता."

मलाही काढायचं नव्हतं. पण मग काय? मुदतीला पंधरवडाही उरला नव्हता.

शुक्रवारी मी नरडाण्याला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत माझा जुना मित्र वसंता एका कारखान्याची टूलरूम सांभाळतो. पाइप वाकवताना तो चपटा होऊ नये म्हणून आत एक मिश्रधातू ओततात आणि नंतर गरम पाण्यानं काढून टाकतात. वसंतानं मूठभर तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"हाई ले. गरम पानीमा वितळी जास. पन फुगस हाई, ध्यान ठेव."

"किती फुगतं?"

"ते कोन मोजस? पाइप वाकना का काम झाये."

"मला मोजावं लागेल."

"तू ते माले बी मायक्रोमीटरमा घालशी," वसंता म्हणाला आणि चहा मागवला.

फुगणं ही साधी अडचण नव्हती. मला शोधायचं होतं की चेंबर मापापेक्षा मोठं आहे का. आकसणारं साहित्य वापरलं तर मोठं चेंबरही लहान दिसेल, आणि धोक्याची रायफल पास होईल. फुगणारं वापरलं तर चांगलं चेंबर मोठं दिसेल, आणि धडधाकट रायफल मी भंगारात काढीन. पहिल्या चुकीत अक्कांचा डोळा. दुसऱ्या चुकीत नानांची रायफल. दोन्ही कागदांवर सही माझी. धुळ्याला परत येताना बसमध्ये मी हेच घोळवत होतो.

शनिवारी सकाळी एक युक्ती केली. युक्ती कसली, लेथवरचं साधं काम. पोलादाच्या तुकड्यात चेंबरच्या मानेएवढं, तसंच किंचित निमुळतं भोक पाडलं. त्याचं माप मला पक्कं ठाऊक होतं, कारण ते मीच पाडलं होतं. आधी नुसत्या त्यात ओतून पाहिलं. ठसा एका टिचकीत निघाला. निमुळता असल्यामुळे एकदा हलला की सुटतो. पण तासाभरानं मोजला तर भोकापेक्षा तीन शतांश मिलिमीटर मोठा. म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग करा, त्यांतले तीन. तीन वेळा ओतलं, तिन्ही वेळा तेवढाच. मला तेवढंच हवं होतं.

दुपारी अक्का आणि दिगंबर आले. बोलावलं नव्हतं, पण आले. अक्का स्टुलावर बसल्या, पदर नाकाशी.

नळीत पुढं कापडाचा बोळा घट्ट बसवला. चेंबरला तेलाचा पुसटसा हात दिला. डबीत मिश्रधातू, डबी गरम पाण्यात. थेट आचेवर तो तापवायचा नाही, त्याची वाफ विषारी. शेजारीच माझं पोलादी भोक ठेवलं. एकाच डबीतून दोन्हीकडे ओतलं. चेंबरच्या काठाच्या बोटभर खाली थांबलो. खाचांपर्यंत जाऊ दिलं नाही.

थिजल्यावर पुढून लाकडी दांडा घातला. टिचकी मारली.

हललं नाही.

जरा जोरात मारली. तरी नाही. कपाळावर घाम आला तो मी बाहीनं पुसला. ओरखड्यात काही अडकलं असेल का? मानेच्या पुढे, आटे सुरू होतात तिथं जास्त गेलं असेल का?

"काका, गरम पाणी ओतू?" दिगंबर म्हणाला.

"तू काहीच ओतू नको," अक्का म्हणाल्या.

खरं तर तो बरोबर बोलत होता. गरम पाण्यानं ठसा वितळून निघाला असता, रायफलीला काही झालं नसतं. पण मग ठसाही गेला असता. मी नळी उभी धरली, दांड्यावर तळहातानं एकच दणका दिला. खट् आवाज झाला आणि चांदीच्या बाहुलीसारखा ठसा टॉवेलवर पडला. खांदा, मान, आट्यांची सुरुवात, सगळं स्वच्छ.

तासाभरानं मोजलं. ठशाची मान चालणाऱ्या कमाल मापापेक्षा दोन शतांश मोठी.

दिगंबरला आकडा ऐकूनच कळलं. "म्हणजे गेली?"

"थांब." मी पोलादी भोकातला ठसा मोजला. तोही तीन शतांश फुगला होता, सकाळसारखाच. दोनातून तीन वजा. चेंबर मर्यादेच्या आत, एका शतांशानं. मी दोन्ही ठसे पुन्हा मोजले. मग चष्मा पुसून पुन्हा. आकडा बदलला नाही.

चेंबर निर्दोष होतं. जुन्या रायफलींत काडतूस जरा सैल बसतंच, माझा संशय तिथंच चुकला होता.

पण मला आनंद झाला नाही. चेंबर चांगलं, तर तीन टोप्या फाटल्या कशा? वायू तर अक्कांच्या डोळ्याखाली लागला होता, तो काही भास नव्हता. कारण न कळता सही करायची म्हणजे नुसता आकडा बरोबर, आणि डोळा रामभरोसे.

मी दाखला लिहायला घेतला नाही. दोघं अस्वस्थ झाले. तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "परवा इथं गंधकाची घाण आली, तं मले घरच आठवलं. त्या खोलीत गेलं का अशी नाकात झोंबते."

"कुठल्या खोलीत?"

"खताच्या. गोठ्याले लागून हाये ती. युरिया, गंधक, पेंड, सगयं तिथंच."

"आणि काडतुसं?"

"तिथंच. फळीवर. नानांनी पेटी केली हाये, कुलूप हाये. पोरंसोरं जात नाहीत त्या खोलीत, म्हणून."

दुकानात जिवंत काडतूस आणायचं नाही, हा वडिलांचा नियम, आणि मी तो कधी मोडला नाही. त्यामुळे अक्कांनी रिकाम्या टोप्या आणल्या होत्या. भरलेली काडतुसं मी पाहिलीच नव्हती.

रविवारी मी भिंग घेऊन मळ्यात गेलो. खोलीचं दार उघडलं आणि डोळ्यांत पाणी आलं. भिंतीपलीकडे चार म्हशी. म्हशींच्या मुताचा आणि ओल्या युरियाचा तो झोंबरा वास म्हणजे अमोनिया. पितळेला अमोनिया चालत नाही. ताणलेलं पितळ अमोनियात राहिलं की आपोआप चिरतं, बाहेरून कुणी हात न लावता. आणि काडतुसाची मान ताणलेलीच असते, गोळी घट्ट धरून.

पेटीतली काडतुसं उजेडात एकेक पाहिली. वरून किंचित हिरवट. भिंगाखाली निम्म्याहून जास्त काडतुसांच्या मानेला केसासारखी उभी रेघ. एकही बार न उडवता.

मी भिंग अक्कांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"मंग रायफलीचा काही दोष नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्हता."

"आणि नानांचा?"

मी म्हणालो, "त्यांनी मुलांपासून लांब ठेवली. ते बरोबरच केलं."

ती सगळी काडतुसं रीतसर जमा करायला लावली. आठवडाभरात नवी आणली, ती घरातल्या लोखंडी कपाटात. माझ्या परवान्यावर चाचणीची नोंद आहे, त्यानुसार मी मळ्याच्या बांधाशी रायफल जुन्या टायरला बांधून, लांब दोरीनं बार काढला. एकेक करून पाच. प्रत्येक वेळी दोरी ओढताना माझे खांदे आपोआप कानाशी जात होते. अक्का विहिरीच्या भिंतीआड उभ्या होत्या. पाचही टोप्या शाबूत निघाल्या. त्यांतली एक अक्कांनी मागून घेतली आणि देवघरात ठेवली. 

दाखल्यावर सही त्याच संध्याकाळी केली. त्यात एक ओळ जास्त लिहिली: काडतुसं खत आणि गोठ्यापासून दूर ठेवावीत. ही ओळ आता मी प्रत्येक दाखल्यावर लिहितो. धुळ्याची गिऱ्हाइकं हसतात. केळीवाले हसत नाहीत.

ठशाचं साहित्य निवडताना मी इतकी वर्षं खरं बोलणारं साहित्य शोधत होतो. तसं काही नसतं. प्रत्येक साहित्य थोडं खोटं बोलतं. ते किती खोटं बोलतं, हे आधी दुसऱ्या भोकात ओतून पाहिलं असेल, तर त्याची साक्ष चालते. केळीचं गंधक मात्र कोणत्याही भोकात चालत नाही.

अडीच हजार रुपये अक्कांनी दिले, मला, ठरल्याप्रमाणे. गोळा काढण्याचे आठशे रुपये मी वेगळे लावले होते. ते देताना अक्कांनी कनवटीचा हात मागे घेतला.

"वतलं त्यानं, तं त्यानंच द्यावं."

आठशे रुपये दिगंबरनं दिले. वसंताला मी मिश्रधातूचे पैसे द्यायला गेलो, तर त्यानं घेतले नाहीत. त्याला ते निमुळतं पोलादी भोक हवं होतं. तेवढं मात्र मी दिलं नाही.